आईला कडी लावून गेलो, त्याबद्दल

पत्र: मी सांगलीला राहतो, वय ४९. पेठेत माझं स्टेशनरीचं छोटं दुकान आहे. आई ७९ वर्षांची. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी स्मृतिभ्रंशाचं निदान केलं. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, ते जाऊन नऊ वर्षं झाली. धाकटा भाऊ बेंगळुरूला असतो, महिन्याला दहा हजार पाठवतो. बहीण इचलकरंजीला. दिवसा एक बाई यायची, ती महिन्यापूर्वी गावी गेली ती आलीच नाही. तेव्हापासून अंघोळ घालण्यापासून सगळं मी करतो, रात्रीचं बायको बघते. संध्याकाळ झाली की आई 'मला वाडीला जायचंय, अण्णा वाट बघतायत' म्हणत दाराशी जाते. वाडी, म्हणजे नृसिंहवाडी, तिचं माहेर. अण्णा म्हणजे माझे आजोबा, ते जाऊन चाळीस वर्षं झाली. पावसाळ्यात तर रात्री उठून भांडी पलंगावर रचते, म्हणते पाणी चढतंय. तीन आठवड्यांपूर्वी दुकानात माल उतरायचा होता म्हणून मी तिला आत ठेवून बाहेरून कडी लावून गेलो. पाऊण तासाने आलो तर ती दाराला टेकून बसली होती. पातळ ओलं झालेलं, दार वाजवून तळहात लाल. मला म्हणाली, 'अहो, आमच्या मुलाला एवढा निरोप द्याल का?' तेव्हापासून मला धड झोप नाही. आश्रमाचा विषय काढला तर बहीण म्हणाली, माझं माहेर संपलं समज. मी वाईट मुलगा आहे का? आणि आईला आश्रमात ठेवणं पाप आहे का?

उत्तर:

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे पुढचं वाचताना मन थाऱ्यावर राहील. नाही, तुम्ही वाईट मुलगा नाही. चार वर्षं घरात सांभाळलेल्या आईजवळ एकदा एक माणूस कमी पडलं, एवढंच त्या दिवशी झालं. माझे सासरे शेवटची साडेपाच वर्षं याच आजारात होते. जेवण झाल्यावर दहा मिनिटांत 'मला अजून वाढलं नाही' म्हणायचे. एका दुपारी मी त्यांच्या हातातली ताटली हिसकावून घेतली होती. त्यांचे रिकामे राहिलेले हात मला अजून दिसतात. म्हणून तुमचं पत्र वाचताना तुम्हाला काय वाटतंय ते मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

पण ती कडी पुन्हा लावायची नाही. सांत्वन करता करता हे सांगायचं मी राहू देणार नाही. घरात गॅस आहे, मोरी ओली असते, आणि बंद घरात पडलेल्या माणसाचा आवाज रस्त्यापर्यंत पोचत नाही. दुसरंही एक आहे. या आजारात प्रसंग पुसला जातो, पण त्या प्रसंगाने आलेली भीती बराच वेळ मागे राहते. दार का बंद होतं हे तुमच्या आईला त्या रात्रीच आठवत नसेल, तरी नंतर दोन दिवस त्या बावरल्यासारख्या असतील, तर त्याचं उत्तर त्या दारात आहे.

मग दुकानात माल यायच्या दिवशी काय करायचं? आईला बरोबर न्या. गल्ल्याशेजारी एक हातांची खुर्ची ठेवा आणि समोर पेन्सिलींचा ढीग द्या: लाल एकीकडे, काळ्या एकीकडे. मास्तरांच्या घरात आयुष्य गेलेल्या बाईला वह्या-पेन्सिलींचा वास परका नाही. तास-दीड तास सहज जातो. ते जमण्यासारखं नसेल तर शेजारच्या एका घराशी स्पष्ट बोलून ठेवा, की महिन्यातून दोनदा अर्धा-पाऊण तास लागेल. आजाराचं नाव सांगून बोला. 'आईला जरा विसरायला होतं' असं मोघम सांगितलं की लोक मोघमच मदत करतात. भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश आहे, तरी अजून आपण त्याला म्हातारचळ म्हणून मोकळे होतो आणि मग लपवत बसतो.

घरात कुणी असताना दाराला आतून वरच्या टोकाला कडी चालेल, नेहमीच्या उंचीवर नसलेली कडी या आजारात सहसा सापडत नाही. दाराला एक घंटी बांधा. गॅसचा रेग्युलेटर काम झालं की बंद. आईच्या पातळाच्या किंवा गाऊनच्या आतल्या बाजूला तुमचा मोबाइल नंबर शिवून टाका, आणि कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्यांना, दूधवाल्याला त्यांचा चेहरा ओळखीचा करून द्या. ताजा फोटो फोनमध्ये असू द्या. बाहेर पडून त्या दिसेनाशा झाल्याच, तर तासभर स्वतः शोधत बसू नका, लगेच ११२ ला फोन करा.

आता ती संध्याकाळ. त्या वेळेला आपण कातरवेळ म्हणतो ते उगाच नाही. दिवसभराचा शीण, कमी होत जाणारा उजेड, भिंतीवर लांबणाऱ्या सावल्या आणि मेंदूतलं दिवस-रात्रीचं घड्याळच बिघडलेलं, असं सगळं एकत्र येतं आणि आजारी माणूस घाबरतं. अंधार पडायची वाट न बघता पाचलाच घरातले सगळे दिवे लावा, पडदे ओढून घ्या. दुपारची झोप अर्ध्या-पाऊण तासावर आणा. चारनंतरचा चहा अर्धा कप करा, तोही पातळ. आणि त्या दाराशी जाऊ लागल्या की आधी तीन गोष्टी बघा: लघवीला जायचंय का, तहान लागलीय का, कुठे दुखतंय का. शब्द हरवलेलं माणूस दुखणंही 'घरी जायचंय' याच शब्दांत सांगतं.

आणि कृपा करून 'अण्णा जाऊन चाळीस वर्षं झाली' हे सांगू नका. तुमच्यासाठी ती जुनी गोष्ट आहे. त्यांच्यासाठी ती बातमी आहे, आणि दर संध्याकाळी त्या पहिल्यांदाच ऐकतात. वडील गेल्याचं दुःख एका माणसाने किती वेळा करायचं? त्यापेक्षा विचारा, 'अण्णा कशाची वाट बघतायत?' विचारा, 'यंदा दक्षिणद्वार झालं का हो?' वाडीच्या लेकीला हे विचारून तर बघा. कृष्णेचं पाणी देवळात उत्तरेच्या दाराने शिरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडलं की वाडीला दक्षिणद्वार सोहळा होतो, लोक त्या पाण्यात स्नानाला उतरतात. लहानपणी त्यांनी तो पाहिलेला असणार, आणि या आजारात कालचं आधी जातं, लहानपणचं सगळ्यात शेवटी. बोलता बोलता त्यांचा हात धरून घरातच दोन फेऱ्या मारा. मग देवासमोर बसवून कापूस हातात द्या. वाती वळायला लावा. नावं, तारखा, माणसं विसरलेले हात वाती वळायचं विसरत नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. माझ्या सासऱ्यांना मुलांची नावं आठवत नव्हती, पण धोतराच्या निऱ्या ते बिनचूक घालत.

रात्री भांडी पलंगावर रचण्याचंही तसंच. त्याला वेडेपणा समजू नका. वाडीला वाढलेली, सांगलीला नांदलेली बाई ती. २००५ चा पूर तिने पाहिला, २०१९ च्या ऑगस्टमध्ये घराघरांत शिरलेलं पाणी पाहिलं. पाऊस वाजायला लागला की तिच्या अंगातली सावध गृहिणी जागी होते. 'पाणीबिणी काही नाही, झोप आता' म्हटलं की त्या एकट्या पडतात. उठा, दोन भांडी त्यांच्याबरोबर वर ठेवा आणि सांगा, 'आता झालं सगळं वर, पाणी इथवर येत नाही.' दहा मिनिटं जातील. वाद घातलात तर तास जातो.

डॉक्टरांचं थोडक्यात. चार वर्षांपूर्वीच्या निदानावर थांबू नका. अलीकडे एकदम गोंधळ वाढला असेल, दोन-चार दिवसांत वागणं पालटलं असेल, तर आधी लघवीची तपासणी करा. म्हाताऱ्या माणसांत लघवीच्या जंतुसंसर्गाने अचानक भ्रम होतो, ताप येतोच असं नाही, आणि औषधाने तो उतरतो. थायरॉइड आणि बी-१२ तपासा. मोतीबिंदू, कानातला मळ, बद्धकोष्ठ हेही बघून घ्या. सर्दी-खाजेच्या जुन्या, झोप आणणाऱ्या गोळ्या या आजारात गोंधळ वाढवतात, त्या दुकानातून परस्पर आणून देऊ नका. झोपेच्या गोळीचंही तेच. मिरज तर दवाखान्यांचंच गाव, मेंदूविकाराचे किंवा मानसोपचाराचे डॉक्टर तुम्हाला लांब नाहीत. जाताना आई घरात कशी वागते ते लिहून ठेवलेली यादी न्या. पाच मिनिटांच्या तपासणीत आई अगदी शहाण्यासारखी वागेल आणि तुम्ही खोटे पडाल, असं फार वेळा होतं.

अंघोळीबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, पण त्यामागचा संकोच मला कळला. मुलाने आईला अंघोळ घालणं दोघांनाही जड जातं. रोज पूर्ण अंघोळ हवीच असं नाही. एक दिवसाआड करा, मधल्या दिवशी कोमट पाण्याने अंग पुसा. पूर्ण दिवसाची बाई मिळेपर्यंत सकाळी फक्त तासाभरासाठी एखादी मावशी बघा, अशी मिळणं सोपं जातं. ती नसेल त्या दिवशी खांद्यावरून एक मोठा पंचा पांघरून ठेवा, स्टुलावर बसवा, पाणी आधी पावलांवर, मग हातांवर, डोक्यावरून सगळ्यात शेवटी किंवा नाहीच. डोक्यावर अचानक तांब्या ओतला की त्या मारायला उठतात, त्यात त्यांचा दोष नाही. काय करताय ते आधी सांगत राहा. 'आई, आता पाठ चोळतोय.' आणि नजर दुसरीकडे ठेवलीत तरी आवाज त्यांच्याजवळ राहू द्या.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे उत्तर इतकं लांबवते आहे, ती. तुमच्या लांबलचक पत्रात भाऊ आहे, बहीण आहे, बाई आहे. तुमच्या पत्नीच्या वाट्याला तीन शब्द आले आहेत: 'रात्रीचं बायको बघते.'

रात्रीचं म्हणजे काय, ते मला माहीत आहे. अकराला एकदा लघवीला. एकला 'कोण आहे तिथे?' अडीचला भांडी. मग ओली चादर, चादर बदलताना पाठीत निघालेली कळ, पुन्हा डोळा लागेतो दूधवाला. आणि नंतर स्वयंपाक, डबे, दिवसभराचं काम. तुम्ही म्हणता, तीन आठवडे झोप नाही. त्यांना किती वर्षं नाही, हे तुम्ही कधी विचारलंत का? मी तुम्हाला दुखवायला हे लिहीत नाही. तुम्ही आईची अंघोळ घालता, आपल्याकडचे फार थोडे मुलगे ते करतात. पण सासूची सेवा सुनेच्या खात्यात गुपचूप जमा होते आणि तिची पावतीही कुणी देत नाही, ही आपल्या घरांची जुनी खोड आहे. उद्या त्या पडल्या, त्यांची पाठ धरली, तर तुमच्याकडे दोन आजारी माणसं असतील आणि तुम्ही एकटे.

म्हणून आजपासून रात्री वाटून घ्या. आठवड्यातल्या चार रात्री तुमच्या, तीन त्यांच्या. तुमच्या रात्री त्यांनी दुसऱ्या खोलीत दार लावून झोपायचं. दाराबाहेर काही वाजलं तरी उठायचं नाही, आणि तुम्ही हाक मारायची नाही. संध्याकाळचं शेवटचं पाणी झोपेच्या दोन तास आधी, पलंगाशेजारी कमोडची खुर्ची, मोरीपर्यंत मंद दिवा, रात्रीपुरता डायपर, एवढ्याने उठण्याच्या खेपा निम्म्यावर येतील. आणि एकदा बसून त्यांना विचारा, 'तुला यात सगळ्यात जड काय जातं?' उत्तर ऐकताना मध्ये बोलू नका.

भावंडांचं बोलू. भाऊ पैसे पाठवतो, म्हणजे त्याला काही वाटत नाही असं नाही. पण दुरून घर दिसत नाही. 'जरा मदत कर' या मागणीला कुणीही 'हो, सांग ना' म्हणतं आणि तिथेच थांबतं. एक आठवडाभर वही लिहा. तासातासाचं: किती वाजता उठल्या, काय मागितलं, कुणी केलं, किती वेळ लागला. शेवटच्या पानावर महिन्याचा खर्च: औषधं, डायपर, बाईचा पगार. त्या पानांचे फोटो दोघांना पाठवा, वर एक शब्दही टिप्पणी न लिहिता. मग फोन लावा आणि नेमकं मागा. भावाकडे: दर तीन महिन्यांनी आठ दिवस त्याने सांगलीत येऊन राहायचं, लॅपटॉप घेऊन आला तरी चालेल, आणि ते आठ दिवस तुम्ही दोघांनी घराबाहेर. शिवाय कागदपत्रांचं सगळं काम, औषधं मागवणं, बाया पुरवणाऱ्या ब्युरोशी बोलून नवी बाई शोधणं हे फोनवरून होतं, ते त्याच्याकडे. बहिणीकडे: महिन्यातले दोन शनिवार-रविवार, आणि त्यातली शनिवारची रात्र आईजवळ तिने एकटीने काढायची. इचलकरंजी काही परदेशात नाही.

बहिणीवर मी रागावलेली नाही. 'आश्रमाचं नाव काढू नकोस' म्हणणारी लेक आईवर प्रेमच करत असते. पण आई घरातच राहावी हा तिचा आग्रह असेल, तर त्या घरातल्या काही रात्री तिच्याही आहेत. आईवडिलांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदासुद्धा मुलगा आणि मुलगी असा भेद करत नाही. हे तिला धमकी म्हणून ऐकवू नका. तुमच्या मनात 'मीच थोरला, मलाच करायला हवं' असं जे पक्कं बसलंय, ते सैल व्हावं म्हणून तुम्हाला सांगतेय.

कागदांचं पटकन. वडिलांचं कुटुंबनिवृत्तिवेतन आईला मिळत असेल तर नोव्हेंबरातला हयातीचा दाखला आता घरबसल्या मोबाइलवर चेहरा दाखवून काढता येतो, त्यांना रांगेत नेऊ नका. सही जमत नसेल तर बँकेत अंगठ्यावर, साक्षीदारांसमोर पैसे काढायची सोय आहे, शाखेत विचारा. सत्तरीपुढच्या सगळ्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान कार्ड मिळतं, पाच लाखांपर्यंत. ते काढून ठेवा. मात्र ते दवाखान्यात भरती झाल्यावर कामाला येतं, घरातल्या बाईचा पगार त्यातून निघत नाही. आणि घर आईच्या नावावर असेल तर आता त्यांची सही, अंगठा, कुलमुखत्यारपत्र, मृत्युपत्र, काही म्हणजे काही घेऊ नका. समज गेलेल्या माणसाच्या सहीला किंमत नसते आणि त्यातून भावंडांत जे तुटतं ते सांधत नाही. खरंच गरज पडली तर वकिलाला विचारून न्यायालयाकडून पालक नेमून घेण्याचा मार्ग आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न. आईला आश्रमात ठेवणं पाप नाही. थकून चिडलेल्या हातांनी घरात ठेवण्यापेक्षा, चांगल्या हातांत दुसरीकडे ठेवणं मला जास्त माणुसकीचं वाटतं. पण आज हा निर्णय घेऊ नका. आज तुम्ही दमलेले आहात आणि बाई नाही, म्हणून तो विचार आलाय. रात्री वाटून, नवी बाई ठेवून, भावंडांचे दिवस लावून तीन महिने बघा. त्यानंतरही जमत नसेल, आई तुम्हाला मारत असतील, सतत बाहेर पडत असतील, तर अपराधी न वाटून घेता शोधायला लागा.

शोधताना एवढं लक्षात ठेवा. पुष्कळ वृद्धाश्रम स्वतःचं स्वतः करणारीच माणसं घेतात, स्मृतिभ्रंश म्हटलं की नाही म्हणतात. जे घेतात तिथे न कळवता जा, तेही संध्याकाळी. कातरवेळी तिथली माणसं कशी आहेत ते बघा. आत शिरताच वास येतो का? कुणाला खुर्चीला किंवा पलंगाला बांधलंय का? रात्री किती माणसांमागे एक मावशी असते? न जेवणाऱ्याला भरवतं कोण? उत्तर देताना ते तुमच्याकडे बघतात की तुमच्या आईकडे, हेही बघा. काही ठिकाणी पंधरा दिवस, महिनाभरासाठी ठेवतात. आधी तेवढंच करून बघता येतं, आणि तेवढ्यात तुम्हाला दोघांना सलग झोप मिळते. तिथे ठेवलंत तरी तुम्ही मुलगाच राहता. रविवारी पेढे घेऊन जाता, वाती वळायला कापूस नेता.

ज्येष्ठांसाठी १४५६७ ही सरकारी हेल्पलाइन आहे, माहिती आणि मार्गदर्शनाला तिचा उपयोग होतो. आणि तुमच्यासाठी, तुमच्या पत्नीसाठी १४४१६ आहे, तिथे फोनवर मानसिक आधार मिळतो, पैसे लागत नाहीत. तीन आठवडे झोप नसलेल्या माणसाने तो फोन करायला संकोच करू नये. डोळ्यांसमोरून ते लाल तळहात जात नसतील, तर तिथे आधी तेच सांगा.

'आमच्या मुलाला निरोप द्याल का?' असं त्यांनी तुम्हालाच विचारलं, हे तुम्हाला सगळ्यात लागलंय. तुम्ही त्यांच्या नजरेतून गेलात असं वाटतंय ना? पण बघा, घाबरलेली, भिजलेली ती बाई निरोप कुणाला पाठवत होती? अण्णांना नाही, वाडीला नाही. पुढच्या वेळी असं विचारलं तर 'अगं मीच तो' म्हणून पटवत बसू नका. 'देतो की, काय सांगू त्याला?' असं विचारा आणि जे सांगतील ते ऐका.

पत्राचं उत्तर मला सवडीने पाठवा. सगळं लिहायला वेळ नसेल तर एकच ओळ चालेल: या शनिवारी रात्री आईसाठी कोण उठलं.